रंजिता लॉन

साकोलीहून सानगडीला येताना, गाव लागायच्या जरा आधी, डाव्या हाताला एक मोठी कमान दिसते. तिच्यावर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीची लाल अक्षरं आहेत: रंजिता लॉन. रंजिता माझी मुलगी, एकुलती एक. आमच्या तालुक्यात हे नाव ठाऊक नसलेली माणसं आता फार थोडी उरली असतील. ज्यांना ठाऊक नाही ती सुखी आहेत, त्यांच्या घरी अजून कोणी गेलेलं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव कमलेश. घरात मी त्यांचं नाव घेत नाही, 'ऐकता का जी' म्हणते. पण लिहिताना सगळीकडे 'हे' आणि 'हे' केलं तर वाचणाऱ्याला कोण कुठला काही कळायचं नाही, म्हणून इथे कमलेश.

माझं नाव रिता, म्हणजे लग्नानंतरचं. पवनीला माहेरी मी रुखमिणी होते. आमच्याकडे रिवाज आहे तसा लग्नात ताटात तांदूळ पसरून ठेवले आणि नवरदेवाला अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायला सांगितलं. कमलेशनी 'रिता' लिहिलं. कॉलेजात त्यांच्या पुढच्या बाकावर रिता नावाची एक मुलगी बसायची, हे त्यांच्या मित्रानं मला पाच वर्षांनी सांगितलं. मी रुसले वगैरे नाही, उलट आयुष्यभर टोमणे मारायला एक चांगलं साधन मिळालं. पण माहेरी गेल्यावर कोणी 'रुखमे' म्हणून हाक मारली तर आजही मी लगेच वळत नाही. आधी वाटतं, दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत. हे मी रंजिताच्या बारशाच्या दिवशी बोलून दाखवलं, तेव्हा कमलेश पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाले, "माह्या पोरीचं नाव कोनी बदलवनार नाई. लगन झालं तरी नाई. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं.

कमलेश धानाचे व्यापारी. आसपासच्या गावांतला धान घेऊन तुमसरच्या राइस मिलना पोचवायचा, हा धंदा. तो बरा चालत होता, आणि बरा चालणारा धंदा कमलेशना कधी सहन झाला नाही. मध्येच त्यांनी पाण्याच्या कॅनचा प्लांट टाकला, मग फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. मशीनवर सगळ्यात जास्त फ्लेक्स आमच्याच दुकानाच्या जाहिरातीचे छापले गेले. त्यातून सावरत होतो तेवढ्यात भंडाऱ्याला उद्योजक घडवणारं एक शिबिर भरलं. तिथं कोट घातलेल्या एका माणसानं सांगितलं, की ध्येय मोठं ठेवा आणि सकाळी डोळे उघडल्यावर आधी ते दिसलं पाहिजे. कमलेश परत आले ते ऑइलपेंटचा डबा घेऊन. आमच्या निजायच्या खोलीत आरशाच्या वर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: एका मोसमात पन्नास लग्नं. तेव्हापासून मी केस विंचरायला उभी राहिले, की माझ्या डोक्यावर पन्नास लग्नं दिसायची.

कल्पना वाईट नव्हती, हे मी मान्य करते. इकडे लग्न म्हणजे शाळेचं पटांगण नाहीतर घरापुढचा मांडव. हायवेकडच्या लॉनना तारीख मिळत नव्हती. आमची रस्त्याकडेची धानाची बांधी होती, तिच्यावर कमलेशनी मुरूम टाकला. सासूबाई, शकुनबाई, दोन दिवस जेवल्या नाहीत. मग जेवल्या, कारण मुलगा ऐकणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मोठं शेड उभं राहिलं, स्टेज झालं, नवरीसाठी आरसा लावलेली खोली झाली, पुढे गवत लावलं. नाव काय ठेवायचं यावर चर्चा झालीच नाही. अक्षरं साकोलीहून टेम्पोतून आली. रंजिता तेव्हा बारावीत होती. कमानीवरचे दिवे पहिल्यांदा लावले तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती आणि मागून येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून थकला.

"या लॉनातलं पयलं मोठं लगन आपल्या रंजीचंच होईन," कमलेश म्हणाले. "तवापर्यंत लोकायची लगनं करत राहू."

उद्घाटन तुळशीच्या लग्नाच्या दिवशी करायचं ठरलं. त्यानंतरच्याच आठवड्यात पहिलं लग्न होतं, गावातल्याच इश्वरभाऊंच्या मुलीचं. पण त्याच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर, मारोतराव गेले.

मारोतराव म्हणजे गावातलं वजनाचं माणूस. कमलेश विशीत असताना, कोणी त्यांना पोतंभर धान द्यायला तयार नव्हतं तेव्हा, मारोतरावांनी आपलं सगळं पीक त्यांच्या स्वाधीन केलं होतं. कमलेशचा धंदा तिथून सुरू झाला. त्यांच्या तेरवीच्या, म्हणजे तेराव्या दिवसाच्या जेवणाच्या, आधी चार दिवस पावसानं असा धिंगाणा घातला, की त्यांच्या अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. मुलगा प्रविण भिजलेल्या कपड्यांनी आमच्या ओट्यावर आला.

"भाऊ, दोनदा मांडव टाकला, दोनदा पडला. परवा तेरवी हाये. अख्खा पट्टा जेवाले येनार. तुह्या शेडात होईन काय?"

सासूबाई आतून बाहेर आल्या. "कमलेश, कोऱ्या जागेत पयली पंगत तेरवीची बसवते काय रे? आदी सत्यनारायन तं होऊ दे."

"माय, मारोतरावनं मले धान देल्लं तवा मुहूर्त पायला होता काय?"

यावर सासूबाई आत निघून गेल्या. आणि आजही मला वाटतं, शेड द्यायलाच हवं होतं. माणूस अडल्यावर त्याला पावसात उभं करून कोणतं शुभकार्य व्हायचं होतं?

माझा राग शेड दिलं याचा नाही. पुढे जे केलं त्याचा आहे. प्रविण गेला आणि कमलेशच्या डोळ्यांत मी ती चमक पाहिली, जी फ्लेक्सचं मशीन आणलं त्या दिवशी होती. अख्खा पट्टा येणार. साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी, सगळीकडची माणसं एका दिवशी एका जागी. अशी जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. मग त्यांनी कमानीवरचे दिवे भरदिवसा लावले. खुर्च्यांना पांढरे कपडे चढवले, मारोतरावांचा फोटो माणसाएवढा मोठा करून स्टेजवर ठेवला, ज्या स्टेजवर नवरा-नवरी बसायचे होते तिथे. पंखे, थंड पाणी, पंगतीऐवजी टेबल. वडे, बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात, काही कमी पडलं नाही. लोक बोटं चाटत होते आणि शेड पाहत होते. आणि हात धुऊन बाहेर पडताना कमलेश स्वतः दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात सुपारीबरोबर एक गुलाबी कार्ड ठेवत होते. वर गणपती, खाली छापलेलं: शुभविवाह, साखरपुडा, बारसं, एकच नाव, रंजिता लॉन.

मी त्यांना बाजूला ओढलं. "अवो, तेरवीच्या जेवनात लगनाचं कार्ड वाटते काय कोनी?"

"रिता, येवढा पब्लिक पुन्हा कवा भेटन?" ते म्हणाले आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

आमच्या आळीतल्या गोदावरीबाई, ऐंशीच्या पुढच्या, जेवून तृप्त होऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मस्त झाली व माय तेरवी. माही बी अशीच करजा." आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले.

तुळशीच्या लग्नाला उद्घाटन झालं. भटजी आले, होम झाला, गावजेवण झालं. दुसऱ्या दिवशी इश्वरभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. चांगली बातमी आणणारा माणूस असा कडेवर बसत नाही.

"तसं माहं काई नाई, कमलेशभाऊ. मी असलं मानत नाई. पन पोराकडचे म्हनतात, शाळेच्या मैदानातच करू."

कमलेश म्हणाले, "होम केला ना भाऊ काल. तुमी तं जेवून गेले."

"मी मानतच नाई म्हनलं ना," इश्वरभाऊ म्हणाले, आणि पेढे तसेच ठेवून गेले.

त्या हंगामात मला एकही मानणारा माणूस भेटला नाही. सगळे न मानणारेच होते. कोणाची आजी मानत होती, कोणाचे इवाई म्हणजे व्याही, कोणाचा मुंबईला राहणारा मामा. न मानणाऱ्यांची सगळी लग्नं शाळेच्या पटांगणात झाली, आणि मी त्यांत आहेर घेऊन गेले, जेवले, घरी आले. कमलेशनी भाडं निम्मं केलं, मग निम्म्याचं निम्मं केलं. शेवटी आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका बापाला म्हणाले, तुझ्या पोरीचं लग्न आमच्या लॉनमध्ये कर, मला काही देऊ नको, जेवणही माझ्याकडून. तो माणूस हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, "मी गरीब मानूस आहो जी. पन माही बी एकच पोरगी हाये."

त्या दिवशी कमलेश जेवले नाहीत. मीही त्यांना टोमणा मारला नाही.

पुढच्या चैत्रात गोदावरीबाई वारल्या. त्यांचे दोन्ही मुलगे डोकं भादरलेले आमच्याकडे आले. आईची शेवटची इच्छा होती म्हणाले, तेरवी रंजिता लॉनमध्ये, मारोतरावांसारखी. कमलेशनी आधी सरळ नाही म्हटलं. मोठा मुलगा रडायला लागला. मेलेल्या बाईच्या इच्छेला कोण नाही म्हणणार? ती तेरवी झाली. मग लाखनीच्या एका दुकानदाराच्या वडिलांची झाली, मग एका निवृत्त हेडमास्तरांची. लोकांना ते सोयीचं वाटलं. घरात दुःख असताना चूल पेटवायची नाही, मांडव बांधायचा नाही, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते पाहायचं नाही. सगळं लॉनवाला पाहतो. कमलेशनी ते मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. फोटोला हार कोणता, माईक कोणाच्या हातात द्यायचा, म्हाताऱ्या बायकांना बसायला खाली गाद्या, रडून कोणाला चक्कर आली तर लिंबूपाणी. भटजी, आचारी, सगळे बांधलेले. पुढे वर्षश्राद्धं आली, शोकसभा आल्या. मग बर्फाची काचेची पेटी आली, प्रेत ठेवायची, ती भाड्यानं जाऊ लागली. तिच्यावरही लाल अक्षरांत रंजिता लॉन लिहिलेलं होतं.

धंदा असा चालला, की विचारू नका. लग्नाला मुहूर्त लागतो, पत्रिका जुळावी लागते, हंगाम लागतो. याला काहीच लागत नाही. एका वर्षी पन्नासचा आकडा ओलांडला. त्या दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा आरशावरची अक्षरं चुन्याखाली गेली, आणि कमलेशनी तिथे नवं काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी शंभर, असं लिहायची कोणाची छाती होणार? आपण सकाळी उठून कोणाचं मरण मागतो आहोत, असं होईल ते. आमच्या घरचं म्हणून एकच कार्य त्या लॉनमध्ये झालं, सासूबाईंची तेरवी.

दोन वर्षांपूर्वी शिबिरवाल्यांनी कमलेशना यशस्वी उद्योजक म्हणून भंडाऱ्याला भाषणाला बोलावलं. मी दुसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसले होते. शून्यातून कसं उभं केलं, हार कशी मानली नाही, असं सगळं ते छान बोलले. एका मुलीनं उठून विचारलं, "सर, तुमचा व्यवसाय नेमका कोणता?"

"कार्यक्रमांचं आयोजन."

"म्हणजे कोणते कार्यक्रम?"

"कौटुंबिक," कमलेश म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला. टाळ्या वाजल्या. परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "रिता, मी खोटं तं नाई बोललो ना?" मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता रंजिताचं सांगते, तिच्यासाठीच एवढं लिहिलं. ती साकोलीला कॉलेजला जायला लागली तेव्हा तिच्या नावाची ही गत सुरू झाली होती. इकडे कोणी गेलं, की व्हॉट्सॲपवर काळ्या चौकटीत फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं: तेरवीचा कार्यक्रम, स्थळ रंजिता लॉन. वर्गाच्या ग्रुपवर यायचं, नातेवाइकांच्या ग्रुपवर यायचं. मुलं विचारायची, "रंजिता, आज कोन गेला?" सुरुवातीला ती स्वतःच हसून उत्तर द्यायची. एकदा बसमध्ये दोन बायका बोलत होत्या, "बुढा आता काई राहत नाई, रंजिता लॉनवाल्याले सांगून ठेवा." ही मागच्या सीटवर बसली होती. घरी येऊन दप्तर टाकलं आणि बापापुढे उभी राहिली.

"बाबा, लॉनचं नाव बदलवा ना."

"बदलवू. दिवाळीले बदलवू."

त्या दिवाळीला बदललं नाही. पुढच्या दिवाळीला कमलेश म्हणाले, "रंजी, आता लोक नावावरून शोधत येतात. मोबाइलच्या नकाशात हेच नाव हाये. चालत्या धंद्याचं नाव बदलवलं तं धंदा बसन, बेटा."

"मंग मी काय करू?"

"तुले काय कमी हाये?" ते म्हणाले. खरंच काही कमी नव्हतं. स्कूटी होती, लॅपटॉप होता, पुढे नागपूरला शिकायला ठेवली. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. पण नवीन कोणाशी ओळख होताना ती नाव जरा हळू आवाजात सांगायला लागली, हे मी पाहत होते. मी कमलेशशी भांडले, ताटं आपटली, माहेरी जाते म्हटलं. एकदा तर पेंटरला मीच फोन लावला. कमलेशनी त्याला रस्त्यातूनच परत पाठवलं.

मग स्थळं पाहायला सुरुवात झाली. फोटो आवडायचा, शिक्षण आवडायचं. "मुलीचं नाव काय म्हनलं? रंजिता? सानगडीचे का तुमी? लॉनवाले?" आणि पुढचा फोन यायचा नाही. न मानणाऱ्या माणसांची आमच्या जिल्ह्यात काही कमी नाही.

शेवटी तुमसरचं एक स्थळ जमत आलं. मुलगा भूषण, तिथल्याच एका मिलमध्ये हिशेब पाहतो. वडील भय्याजी धान्याचे दलाल, कमलेशच्या जुन्या ओळखीतले. आई सुमित्राबाई, बोलायला गोड. रंजिता आणि भूषण दोन-तीनदा भेटले होते, फोनवर बोलत होते. ती पुष्कळ दिवसांनी गुणगुणत भांडी लावताना दिसली. हे लग्न व्हावं असं मला इतकं वाटत होतं, की बैठकीच्या दिवशी माझ्या हातून साखरेचा डबा सांडला.

बैठक आमच्याच घरी होती. चहा झाला. भय्याजी म्हणाले, "इवाई, पोरगी आमाले पसंत हाये. देनं-घेनं काई नाई. दोनच गोष्टी. एक म्हंजे लगन तुमसरले होईन."

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षं मनात धरलेलं लग्न कमलेशनी एका मान हलवण्यात सोडून दिलं. "आन् दुसरी?"

सुमित्राबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "नाव बदलवू जी. तसा रिवाजच हाये आपल्यात. फक्त आमी म्हनतो, पत्रिकेवरच नवं नाव छापू. मी नाई मानत काई, पन कार्ड वाटाले गेलो अन् लोकायनं रंजिता वाचलं, का..."

मी दाराआड उभी होते. माझ्यामागे रंजिता बशांचा ट्रे घेऊन. मी कमलेशकडे पाहत होते. पाळण्याची दोरी धरून काय म्हणाले होते ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"लॉनचं नाव बदलवतो," ते म्हणाले. "उद्याच बदलवतो. पोरीचं राहू द्या."

ज्या गोष्टीसाठी माझी मुलगी सहा वर्षं रडली, ती एका वाक्यात झाली. भय्याजी हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याला समजावतो तसे ते बोलले.

"चालत्या धंद्याचं नाव बदलवू नोका, इवाई. नुकसान होईन. आन् बदलवून उपेग बी नाई. तुमी तिथं दुसरं काई बी लिवा, लोक रंजिता लॉनच म्हनतीन. पोरीचं कसं, दोन-चार मयन्यात साऱ्यायच्या तोंडी नवं नाव बसते."

कमलेश काही बोलले नाहीत. बोलणार कसे? ते त्यांचंच वाक्य होतं, मुलीला दिलेलं. ते एवढा वेळ गप्प बसले, की मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला. नाही म्हणा, एवढं एक नाही म्हणा, असं मी मनात ओरडत होते. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तर मागून रंजितानं माझा दंड धरला.

"आई, राहू दे. चांगला पोरगा हाये." मग ती स्वतः ट्रे घेऊन बाहेर गेली. बशा ठेवता ठेवता बापाकडे न पाहता म्हणाली, "माहं बदलवा, बाबा. लॉनचं राहू द्या."

सगळ्यांना बरं वाटलं. सुमित्राबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

लग्न वैशाखात तुमसरला झालं. मोठा हॉल होता, आमच्यापेक्षा लहान स्टेज. ताटात तांदूळ पसरले. चिन्नोरचे तांदूळ होते, वास येत होता. भूषणनं अंगठी धरून हळूहळू लिहिलं: मधुरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, ताट जरा तिरपं करा, अक्षर दिसत नाही. ताट तिरपं केलं तसे तांदूळ थोडे घसरले आणि भूषणनं पुन्हा एकदा लिहिलं. कमलेश समोर उभे होते, हातात अक्षता तशाच. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासमोर असंच लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर वर पाहून हसले होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली. नंतर सुमित्राबाईंनी ते तांदूळ ओंजळीनं पिशवीत भरले, नव्या सुनेच्या हातचा पहिला भात करायला.

निरोपाच्या वेळी भूषणची आत्या हाक मारत होती, "मधुरा, चाल व, गाडीत बस." माझी मुलगी उभीच होती. तिला वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलावताहेत.

पंधरा दिवसांनी सकाळी मी लॉनवर कमलेशचा डबा घेऊन गेले. पाहते तर कमानीला शिडी लागलेली, वर वेल्डर, खाली कमलेश. त्यानं उजव्या बाजूनं सुरुवात केली होती. 'लॉन'ची अक्षरं खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. वर फक्त रंजिता उरलं होतं.

"काढून टाकतो सारं," कमलेश म्हणाले. "धंदा बसला तं बसला. पयलेच काढाले पायजे होतं."

सहा वर्षं मी हेच मागत होते. आणि आता ते होत होतं, तर मला ते पाहवेना. मी वर पाहिलं. आधारकार्ड बदलायला दिलं होतं, बँकेत अर्ज गेला होता, तुमसरला तिला सगळे मधुरा म्हणत होते. काल फोनवर तीच चुकून म्हणाली होती, "मी मधुरा बोलून राहिलो."

"उतर रे बाबा खाली," मी वेल्डरला ओरडले. "अवो, ऐकता का जी. राहू द्या ते. पोरीचं नाव आता येवढंच उरलं."

कमलेश शिडीचा दांडा धरून उभे राहिले. मग तिथेच खाली मुरमावर बसले आणि रडायला लागले. मी त्यांना सासूबाईंच्या तेरवीलाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्याजवळ बसले. डबा तसाच बाजूला राहिला.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. पांढरा शर्ट, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, असा एक माणूस उतरला. त्यानं कमानीकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही रडताना दिसलो म्हणून त्याला वाटलं असेल, आम्हीही त्याच्यासारखेच, कोणाच्या तरी तेरवीसाठी आलेले.

तो हळू आवाजात म्हणाला, "रंजिता लॉन हेच ना जी?"

कमलेशनी बाहीनं तोंड पुसलं आणि उठून उभे राहिले. "हो, हेच. या, बसा. कोन गेलं?"

"माही माय."

कमलेश त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन गेले. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेरवी कोणत्या दिवशी येते ते विचारलं. वेल्डर माझ्याकडे पाहत उभा होता. मी त्याला म्हटलं, लावून टाक. संध्याकाळपर्यंत त्यानं 'लॉन' पुन्हा जागेवर बसवलं.